राजवाडा, विद्यापीठ, छावणी : सांतांदेरचे चार उन्हाळे

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सांतांदेर नावाचे बंदर आहे. शहराच्या पूर्वेला माग्दालेना नावाचे एक लहान द्वीपकल्प समुद्रात शिरलेले दिसते, आणि त्याच्या माथ्यावर एक राजवाडा उभा आहे. नगरवासीयांनी वर्गणी काढून तो राजा तेरावा आल्फोन्सो याच्यासाठी बांधला. राजघराणे दर उन्हाळ्यात इथे मुक्कामाला आले, तर शहराची भरभराट होईल, असा साधा व्यापारी हिशेब त्यामागे होता. तो खराही ठरला. १९१३ ते १९३० ह्या काळात राजा उन्हाळ्यात इथे येत राहिला.

१९३३ च्या उन्हाळ्यात मात्र ह्या वाड्यात राजा नव्हता. दरबारी दालनांत व्याख्याने चालू होती आणि घोड्यांच्या पागेत विद्यार्थ्यांच्या खाटा मांडल्या होत्या. पुढे चारच वर्षांनी ह्याच द्वीपकल्पावर काटेरी तारांआड युद्धकैदी कोंडले गेले.

एवढ्या थोड्या अवधीत हे कसे घडले, हे समजण्यासाठी १८९८ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेन हरला. क्यूबा, पोर्तो रिको आणि फिलिपिन्स हातचे गेले. चार शतकांचे साम्राज्य काही महिन्यांत संपले. स्पेनमधील विचारवंतांच्या एका पिढीला ह्या पराभवाने हादरवून सोडले. तोफा कमी पडल्या, की शाळा? बऱ्याच जणांचे उत्तर ‘शाळा’ असे होते.

त्यातूनच ११ जानेवारी १९०७ रोजी एक सरकारी मंडळ स्थापन झाले. त्याचे नाव लांबलचक होते, म्हणून सारे त्याला नुसते ‘हुंता’, म्हणजे मंडळ, म्हणत. अध्यक्ष होते सांतियागो रामोन इ काहाल. मज्जापेशींच्या संशोधनासाठी त्यांना आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले होते. चिटणीस होते होसे कास्तियेहो. मंडळाचा गाडा प्रत्यक्षात ओढला तो त्यांनीच. हुशार तरुणांना शिष्यवृत्ती देऊन जर्मनी, फ्रान्स, इंग्लंडला पाठवायचे, आणि ते परतले की त्यांना काम करायला जागा द्यायची, हे मंडळाचे मुख्य काम.

पण परदेशी जाण्याची वाट एकेरीच का असावी? त्या काळी बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला स्पेन मुख्यतः फ्रेंच प्रवाशांनी रंगवलेला होता : बैलांच्या झुंजी, जिप्सी नर्तकी, खंजीर आणि मत्सर. बिझेच्या ‘कार्मेन’ ह्या संगीतिकेने ते चित्र घरोघरी पोहोचवले. स्वतःबद्दलचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी सोपवले की काय होते, ह्याचे हे उत्तम उदाहरण म्हणावे लागेल.

१९१० मध्ये हुंताने माद्रिदमध्ये इतिहास-संशोधन केंद्र उघडले. त्याचे प्रमुख होते रामोन मेनेंदेझ पिदाल. स्पॅनिश भाषेच्या इतिहासाचा एवढा मोठा अभ्यासक त्या देशात दुसरा नव्हता. त्याच वर्षी ‘रेसिदेन्सिया दे एस्तुदियान्तेस’ हे विद्यार्थी-वसतिगृहही सुरू झाले. पुढे लोर्का, दाली आणि बुन्युएल ह्यांच्यामुळे गाजलेले ते हेच. आणि १९१२ मध्ये ह्या दोन संस्थांच्या सोयीतून परदेशी लोकांसाठी पहिला उन्हाळी वर्ग भरला.

सोय म्हणण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. सुट्टीत वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या पडत, आणि परदेशी शिक्षकांनाही वेळ मिळे तो सुट्टीतच. माद्रिदचा जुलै म्हणजे भाजून काढणारा महिना, तरीही लोक येत. उच्चारशास्त्र, व्याकरण, साहित्य, इतिहास आणि कला असे विषय शिकवले जात. प्रादो संग्रहालयात चित्रांसमोर उभे राहून व्याख्याने होत. तोलेदो आणि एस्कोरिआलच्या सहली निघत.

ह्या वर्गाला निव्वळ सुट्टीतील विरंगुळा समजणे चूक ठरेल. परदेशी माणसाला आपली भाषा शिकवू लागलो की ती आपल्यालाच नीट ठाऊक नसल्याचे ध्यानात येते. जिभेचे टोक दातांना कुठे टेकते, दोन स्वरांमधला ‘द’ इतका सैल का होतो, असे प्रश्न मातृभाषा बोलणाऱ्याला कधी पडत नाहीत. तोमास नावारो तोमास ह्यांनी उपकरणांच्या साहाय्याने त्यांची उत्तरे शोधली आणि १९१८ मध्ये स्पॅनिश उच्चारांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. अनेक पिढ्या ते प्रमाण मानले गेले.

ह्या वातावरणाचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो. १९१३ मध्ये रेसिदेन्सियामध्ये एका व्याख्यानाच्या वेळी कवी हुआन रामोन हिमेनेझ यांची ओळख सेनोबिया काम्प्रुबी ह्या तरुणीशी झाली. सेनोबियांची आई पोर्तो रिकोची आणि त्यांचे शिक्षण बरेचसे इंग्रजीतून झालेले. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूरांना नोबेल मिळाले. सेनोबियांनी ठाकूरांच्या इंग्रजी पुस्तकांचे स्पॅनिश भाषांतर करायला घेतले आणि हुआन रामोन त्यावर काव्याचा हात फिरवू लागले. १९१५ मध्ये ‘द क्रेसेंट मून’चे भाषांतर निघाले, १९१६ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढे ठाकूरांची वीसहून अधिक पुस्तके ह्या जोडीने स्पॅनिशमध्ये आणली. लॅटिन अमेरिकेतल्या वाचकांनीही ठाकूर वाचले, ते मोठ्या प्रमाणात ह्याच भाषांतरांतून.

पहिल्या महायुद्धाने चित्र पालटले. अमेरिकेत जर्मन ही शत्रूची भाषा ठरली आणि शाळांमधून तिची हकालपट्टी झाली. पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला होता, दक्षिणेकडचा व्यापार वाढत होता. जर्मनची रिकामी जागा स्पॅनिशने घेतली. शाळांना एकाएकी स्पॅनिश शिक्षक हवे झाले, आणि ज्यांना शिकवायचे होते त्यांनाच आधी शिकणे भाग पडले. व्हर्मॉन्टमधील मिडलबरी महाविद्यालयाने १९१७ मध्ये उन्हाळी स्पॅनिश शाळा काढली, मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने १९२१ मध्ये. स्पेनमध्ये सारागोसा विद्यापीठाने १९२७ मध्ये पिरेनीज पर्वतातील हाका गावी परदेशीयांसाठी वर्ग सुरू केले.

माद्रिदला येणाऱ्या अमेरिकनांत शिक्षिकांची संख्या मोठी होती. स्वतःच्या कमाईतून साठवलेल्या पैशांवर, एकट्याने समुद्र ओलांडून शिकायला येणाऱ्या ह्या स्त्रिया माद्रिदमधील तरुणींच्या दृष्टीने काय असतील, ह्याची कल्पना करता येते.

१४ एप्रिल १९३१ रोजी स्पेनमध्ये प्रजासत्ताक आले. राजा देश सोडून गेला. माग्दालेनाचा वाडा ओस पडला. शिक्षणमंत्री फेर्नांदो दे लोस रिओस यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये आज्ञापत्र काढून तिथे आंतरराष्ट्रीय उन्हाळी विद्यापीठ स्थापन केले. मेनेंदेझ पिदाल पहिले कुलगुरू झाले, त्यांच्यानंतर भौतिकशास्त्रज्ञ ब्लास काब्रेरा. सरचिटणीस होते कवी पेद्रो सालिनास. वेळापत्रक, निमंत्रणे, जेवणखाण, खोल्यांचे वाटप, सारे त्यांच्याच अंगावर.

योजना माद्रिदच्या वर्गांपेक्षा मोठी होती. परदेशीयांसाठी भाषेचे आणि साहित्याचे वर्ग तर होतेच, पण देशभरातून निवडलेले स्पॅनिश विद्यार्थीही त्याच छपराखाली राहणार होते. १९३४ च्या उन्हाळ्यात एर्विन श्रोडिंगर इथे पुंजभौतिकीवर बोलले. त्याच वर्षी फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारितँ यांनी इथे दिलेल्या व्याख्यानांतून पुढे त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ तयार झाला. संध्याकाळी लोर्कांची विद्यार्थी नाटकमंडळी ‘ला बार्राका’ जुनी स्पॅनिश नाटके करून दाखवी. सकाळी वर्गात ज्या नाटककाराची भाषा अडखळत वाचली, त्याचेच संवाद रात्री उघड्या रंगमंचावर ऐकायचे, ह्याहून चांगला भाषावर्ग कोणता असू शकेल?

१९३६ चे सत्र नुकतेच सुरू झाले होते. १७-१८ जुलैला लष्कराने बंड केले. सांतांदेर प्रजासत्ताकाच्या ताब्यात राहिले, पण रस्ते तुटले. व्याख्यानांना आलेले प्राध्यापक आणि विद्यार्थी अडकून पडले. परदेशी पाहुण्यांना बाहेर काढावे लागले. ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ लोर्कांची हत्या झाली. सालिनास फ्रान्समार्गे अमेरिकेला पोहोचले. वेलस्ली महाविद्यालयाचे निमंत्रण आधीच आलेले होते, एका वर्षापुरते. स्पेनची भूमी त्यांनी पुन्हा पाहिली नाही.

२६ ऑगस्ट १९३७ रोजी सांतांदेर फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले. हजारो प्रजासत्ताकवादी सैनिक पकडले गेले आणि माग्दालेना द्वीपकल्पावर त्यांच्यासाठी छावणी उघडण्यात आली. १९३८ मध्ये हुंताही विसर्जित झाली. कास्तियेहो यांचा १९४५ मध्ये लंडनमध्ये मृत्यू झाला. नावारो तोमास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले. हुआन रामोन आणि सेनोबिया हेही अटलांटिकपार गेले ते गेलेच.

आता प्रवासाची दिशा उलटली होती. अमेरिकन विद्यार्थी स्पेनला जायचे, त्याऐवजी स्पेनच अमेरिकेत आला होता. मिडलबरीच्या उन्हाळी शाळेत सालिनास शिकवू लागले, तसेच त्यांचे कविमित्र होर्हे गियेन आणि लुईस सेर्नुदाही. व्हर्मॉन्टच्या डोंगरात काही आठवडे फक्त स्पॅनिशच बोलायचे, असा तिथला दंडक. निर्वासित कवींना आपली भाषा चोहोबाजूंनी ऐकू येण्याची ही दुर्मीळ जागा होती, जरी ती बहुतेक परक्यांच्या उच्चारात असली तरी. १९४५ मध्ये सांतांदेरला नवे विद्यापीठ निघाले. नाव वेगळे, राजवट वेगळी.

एक गोष्ट मात्र बराच काळ दडून राहिली. १९३३ मध्ये सालिनास यांचा ‘ला वोस आ ती देबिदा’ हा प्रेमकवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला होता. विसाव्या शतकातील स्पॅनिश प्रेमकवितेत त्याचे स्थान फार वरचे आहे. त्यातील ‘तू’ कोण, ह्यावर तर्क चालत. लिओ स्पिट्झर ह्या मोठ्या समीक्षकाने १९४१ मध्ये असे मांडले, की ही प्रेयसी म्हणजे कवीच्या जाणिवेतलीच एक संकल्पना आहे, तिला स्वतंत्र अस्तित्व नाही.

२००२ मध्ये सालिनास यांची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती हार्वर्डच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली होती आणि कॅथरीन व्हिटमोर ह्या अमेरिकन प्राध्यापिकेला लिहिलेली होती. त्या स्मिथ महाविद्यालयात स्पॅनिश शिकवत. १९३२ च्या उन्हाळ्यात त्या माद्रिदला आल्या होत्या, परदेशीयांच्या वर्गासाठी, आणि सालिनास यांच्या व्याख्यानाला जाऊन बसल्या होत्या.