गुत्त्याची कुळकथा

मराठीत मद्यविक्रीच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतात. पण या शब्दाला मुळात मद्याचा वासही नाही. गुत्ता म्हणजे मक्ता. सरकारला ठरीव रक्कम भरून एखाद्या उत्पन्नाची वसुली आपल्याकडे घ्यावयाची, तो गुत्ता. आणि घेणारा तो गुत्तेदार. कालांतराने करार विस्मृतीत गेला आणि त्याचे नाव दुकानाला चिकटून राहिले.

मद्याच्या उत्पन्नाचा राजसत्तेला असलेला मोह मात्र फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारीच आहे. पानागाराला अनेक दालने असावीत, शय्या व आसने निरनिराळी असावीत, गंध, पुष्पमाला आणि पाणी यांची सोय ऋतुमानाप्रमाणे सुखकर असावी, असे तो ग्रंथ सांगतो. एवढे आतिथ्य झाल्यावर हेरही आलेच; कोणते गिऱ्हाईक ऐपतीबाहेर खर्च करते, हे त्यांनी पाहावयाचे! तथापि घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट तयार करण्याची मुभा गृहस्थाला होती, आणि उत्सव-यात्रांच्या प्रसंगी चार दिवसांची सवलत मिळे. घरातले मद्य आणि दुकानातले मद्य यांतील भेद त्या कठोर शास्त्रकारालाही मान्य होता.

उत्तर कोकणात हा भेद एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून होता. किनाऱ्यावर भंडारी ताडामाडांची झाडे छेदीत, आणि डोंगरपट्टीत वारली, ठाकूर, कातकरी मोहाची फुले वेचीत. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती वाळवून ठेवली म्हणजे टंचाईच्या दिवसांत खाता येत. आणि ती आंबवून, मडके व बांबूची नळी एवढ्या सरंजामावर घरी दारूही निघे. लग्न असो, मर्तिक असो वा देवाचे कार्य असो, तिच्यावाचून ते पार पडत नसे. पिण्यासाठी कोणाच्या दुकानाची पायरी चढण्याचे कारणच नव्हते.

1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटले. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत दारू गाळावयाची, तेथेच तिच्यावर कर बसवावयाचा आणि परवान्याच्या दुकानांतून ती विकावयाची, असे धोरण ठरले. ताडीच्या झाडांवरही कर चढला. उरणच्या भट्ट्या बहुतांशी पारशी व्यापाऱ्यांच्या हाती होत्या, आणि त्यांच्यासाठी मोहाची फुले गुजरातेतील पंचमहालासारख्या दूरच्या मुलखातून येत. इकडे 1892 साली खास मोहाचाच एक कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्या फुलांचा संग्रह व वाहतूक यांवर निर्बंध आले. दारापुढच्या झाडाचे फूल साठविणे हा अपराध ठरला. त्याच फुलाची दूरदेशीची दारू गुत्त्यावर पैसे मोजून घेणे मात्र कायदेशीर! पैसे नसतील तर उधारी होतीच, आणि गुत्तेदार पुष्कळदा सावकार व जमीनदारही असे. उधारीपायी जमिनी गेल्या, वेठ पदरी आली. आदिवासी दारूने बुडाला असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो दारूने किती बुडाला आणि गुत्त्याने किती, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

त्या लोकांनी तो आपल्या परीने मांडला. 1922 च्या नोव्हेंबरात दक्षिण गुजरातच्या रानपट्टीत सलाबाई नावाच्या देवीचा संचार झाल्याची वार्ता पसरली. ठाण्याच्या किनाऱ्यावरील कोळ्यांतून निघालेली ही लाट डोंगर ओलांडून तिकडे गेली होती. अंगात येणाऱ्यांच्या मुखाने देवी सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, पारशाकडे मजुरीला जाऊ नका. हजारोंच्या सभा भरल्या आणि गुत्ते ओस पडले. पुढे देवीच्या आज्ञांत चरखा आणि खादी यांचीही भर पडली. सर्वांचा निश्चय टिकला नाही. काही गावे पुन्हा ताडीकडे वळली, काहींनी व्रत निष्ठेने पाळले.

1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. त्यानंतर 1960 साली राज्य विभागले गेले. गुजरातेने बंदी कायम ठेवली, महाराष्ट्रात ती पुढे सैल झाली. उरणच्या वैभवाचे दिवस सरले. दारूवाला, ताडीवाला ही पारशी आडनावे तेवढी अद्याप ऐकू येतात.