काळी काच, ऊन आणि पडदा

मोटारीच्या काचेला कोणती छटा द्यावी, हा खरे तर उन्हाचा प्रश्न. आपल्याकडे तो पडद्याचा झाला. संस्थानी काळात राण्यांच्या मोटारींना पडदे असत. स्वातंत्र्यानंतर राण्यांच्या जागी साहेब आले आणि ॲम्बॅसडरच्या मागच्या खिडकीवर पडदे तसेच राहिले. पुढे चिकटवायची काळी फिल्म आली आणि ती पानाच्या ठेल्यावर थांबणाऱ्या गाडीलाही परवडू लागली. आत कोण आहे ते दिसत नाही, त्या अर्थी कुणी बडी असामी असणार!

कायदा नव्हता असे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम सांगतो की, पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. पण ५० आणि ४० टक्क्यांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा घोळच संपवला. टक्के कितीही असोत, काचेवर फिल्म चिकटवायचीच नाही, असा निकाल दिला. काळ्या काचांआड होणारे गुन्हे न्यायालयापुढे होते. त्या मे महिन्यात भर रस्त्यात फिल्म सोलणारे पोलीस अनेकांना आठवत असतील. कारखान्यातच मर्यादेत रंगवलेल्या काचेला बंदी नव्हती, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात आले नाही.

१ एप्रिल २०२१ पासून सुधारित नियमात काचेबरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७०-५० ची मर्यादा पाळणारी प्रमाणित फिल्म चालेल असे म्हटले. पण हा निकाल केरळचा, हे फिल्म घेताना विसरू नये.

दुकानात गेलात तर एक हिशेब जवळ ठेवा. फिल्मवर छापलेला आकडा एकट्या फिल्मचा असतो. मूळ काच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर उरतो सुमारे ३७ टक्के. म्हणजे गाडी नियमाबाहेर. बाजूच्या अशा काचेला ७० ची फिल्म घेतली तर जेमतेम ५२ टक्के उरतात.

आणि काळे म्हणजे थंड नव्हे. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. ते अडवणारी फिल्म जवळजवळ पारदर्शक दिसू शकते, तर स्वस्तातली गडद काळी ऊन स्वतःच शोषून तापते. तेव्हा दुकानदाराला ‘किती काळी?’ असे न विचारता ‘उष्णता किती अडवते आणि काचेवर बसल्यावर प्रकाश किती उरतो?’ असे विचारावे, आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत.