चांदवड ते सातबारा : शेतकरी महिला आघाडीची कहाणी

#थ्रेड

१/ चांदवड म्हटले की इतिहासप्रेमींना अहिल्यादेवींचा रंगमहाल आठवतो. नाशिक जिल्ह्यातील याच गावी ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया जमल्या होत्या. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे ते अधिवेशन. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र ते शोधूनही सापडत नाही.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. शरद जोशी स्वित्झर्लंडमधील नोकरी सोडून परतले, चाकणजवळ आंबेठाणला शेती करू लागले आणि कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभे राहिले. त्या आंदोलनांत बायका होत्याच. रस्त्यावर बसल्या, तुरुंगातही गेल्या. पण मागणी शेतमालाच्या भावाची, आणि भाव मिळाला तरी पैसा पडणार तो घरधन्याच्या हातात!

३/ चांदवडच्या निमित्ताने स्त्रियांच्या प्रश्नाची जी मांडणी झाली, ती ‘चांदवडची शिदोरी’ या पुस्तिकेत आहे. स्त्रीचे दुय्यमत्व निसर्गदत्त नाही. लुटालुटीच्या, असुरक्षिततेच्या काळात ते लादले गेले, असा तिचा सूर. हे कारण मला पुरेसे वाटत नाही, कारण जातीचा विचार त्यात फारच पुसट आहे. तरीही खुरपणी-निंदणी करणाऱ्या बाईपुढे इतिहासाचा एक सिद्धान्त मांडावा आणि तिने तो समजून घेऊन त्यावर बोलावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

४/ पुढे दारूच्या दुकानांविरुद्ध मोर्चे निघाले, पंचायतीच्या निवडणुकांत बायकांची पॅनेले उभी राहिली. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे १९८९ मध्ये सर्व महिलांचे पॅनेल निवडून आले. ७३ वी घटनादुरुस्ती तेव्हा व्हायची होती, हे लक्षात घ्या.

५/ सर्वांत धाडसी कार्यक्रम मात्र ‘लक्ष्मीमुक्ती’चा. नवऱ्याने आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबे असे करतील ते ‘लक्ष्मीमुक्ती गाव’, आणि तिथे जोशी स्वतः जात. हे दान नव्हे, घरच्या लक्ष्मीचे थकलेले देणे आहे, अशी त्यामागची भूमिका.

६/ देणे म्हणा वा दान, निर्णय शेवटी पुरुषाचाच, हा आक्षेप खरा आहे. पण कायदा तरी काय देत होता? महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तो मुलीला. नवरा हयात असताना त्याच्या शेतावर राबणाऱ्या बायकोचे नाव सातबाऱ्यावर आपोआप आजही येत नाही. लक्ष्मीमुक्तीने बोट ठेवले ते नेमके याच जागेवर.

७/ विटनेरच्या बायकांनी आपल्या नावे आलेल्या तुकड्यांवर रासायनिक खतांशिवाय पिके घेऊन पाहिली. त्या प्रयोगाचे नाव ‘सीताशेती’.

८/ सीताच का? यवतमाळ जिल्ह्यातील रावेरीला सीतेचे एकटीचे देऊळ आहे; शेजारी राम नाही. टाकून दिलेल्या सीतेने तिथे मूठभर गहू मागितले, गावकऱ्यांनी नाकारले, तेव्हा या गावात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, अशी आख्यायिका. पडझड झालेल्या त्या देवळाचा जीर्णोद्धार पुढे जोशींच्याच पुढाकाराने झाला.