हंगर विंटर: उपासमारीची मेंदूतली खूण

स्किझोफ्रेनिया कशामुळे होतो? १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांच्या लेखनातून एक उत्तर पुढे आलं: आईच्या वागण्यामुळे. पुढची काही दशकं कित्येक आयांनी हा दोष डोक्यावर वाहिला. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये एक वेगळंच उत्तर पाळण्यात वाढत होतं.

सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांच्या मदतीसाठी संप केला. बदला म्हणून जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारं अन्न रोखलं. त्यात कालवे गोठले. रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. लोकांनी ट्युलिपचे कंद खाऊन दिवस काढले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि हे संपलं.

आता संशोधकांना यात एवढा रस का? कारण या उपासमारीला नेमकी सुरुवात होती आणि नेमका शेवट. रेशनच्या आणि जन्माच्या नोंदीही होत्या. त्यामुळे आई उपाशी होती तेव्हा बाळ गर्भात कितव्या महिन्याचं होतं, हे काढता येतं. असा प्रयोग मुद्दाम कुणी करूच शकत नाही.

झेना स्टाइन आणि मर्विन सुसर या दांपत्याने आधी सैन्यभरतीच्या नोंदींतून या मुलांची बुद्धिमत्ता तपासली. १९७२ चा निष्कर्ष: फरक नाही! पुढे त्यांचा मुलगा एझ्रा सुसर याने सहकाऱ्यांसोबत मनोविकारांच्या नोंदी पाहिल्या. ऐन उपासमारीत गर्भधारणा झालेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट निघालं. २००० साली हुल्सहॉफ पोल यांच्या गटाने एमआरआय केले. गर्भात उपासमार सोसलेल्या रुग्णांच्या कवटीतलं आकारमान कमी दिसलं. मात्र गट फक्त ९-९ जणांचे होते, हे विसरायचं नाही.

एकच अभ्यास म्हणून सोडून द्यावं, तर २००५ मध्ये चीनमधल्या वुहू भागातूनही तसंच चित्र आलं. तिथे १९५९–६१ च्या दुष्काळात प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी होतं, ते दोनच्या आसपास गेलं.

पण याचाच अर्थ असा, की शंभरातल्या सुमारे अठ्ठ्याण्णव जणांना हा आजार झाला नाही. धोका वाढणं म्हणजे नशीब ठरणं नव्हे. जनुकं आणि पुढचं आयुष्य यांचाही वाटा असतोच. आणि आईचं म्हणाल, तर रसद तिने तोडली नव्हती. एखाद्या रुग्णाच्या आईने 'माझं काय चुकलं?' असं विचारलं, तर हा इतिहास तिला जरूर सांगा.