वेस्लींची पायपीट

डॉक्टरांनी “रोज चालत जा” असं सांगितलं की आपण मान डोलावतो. पहिले आठ दिवस चालतोही. नवव्या दिवशी पाऊस येतो, दहाव्या दिवशी पाहुणे येतात, आणि अकराव्या दिवशी बूट पलंगाखाली जातात. हा माझा स्वतःचाच अनुभव. आमच्या प्राध्यापकवर्गात तो काही अपवाद नसावा. चालण्याचा सल्ला खरा आहे, जुनाही आहे. मग तो टिकत का नाही? या प्रश्नाचं एक उत्तर मला ख्रिस्ती मंडळ्यांच्या इतिहासात सापडलं. तेच आज तुमच्यापुढं मांडतो.

मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचा जन्म १७०३ सालचा. ऑक्सफर्डला असताना ते आणि त्यांचे सोबती गाडीभाडं वाचवीत, वाचलेले पैसे गरिबांना देत आणि स्वतः पायी जात. दिवसाला वीस-पंचवीस मैल चाललं तरी प्रकृतीला काही अपाय होत नाही, हे त्यांना तेव्हाच उमगलं. चालता चालता पुस्तक वाचण्याचीही त्यांनी सवय करून घेतली होती!

१७३९ पासून वेस्ली उघड्या मैदानावर प्रवचनं करू लागले. ब्रिस्टलजवळच्या कोळशाच्या खाणीतले मजूर ती ऐकायला येत. असल्या गोरगरिबांना वैद्याची फी कुठून परवडणार? म्हणून त्यांनी १७४६ मध्ये लंडनला गरिबांसाठी मोफत औषधं देण्याची सोय केली, आणि १७४७ मध्ये ‘प्रिमिटिव्ह फिजिक’ नावाचं घरगुती उपचारांचं पुस्तक काढलं. त्यातले काही उपाय आज वाचताना हसू येतं. टक्कल पडलं तर डोक्याला कांदा चोळा आणि वर मध लावा, हा त्यांपैकीच एक. पण पुस्तकाच्या प्रस्तावनेत, डॉक्टर जॉर्ज चेनी यांच्या आधारानं, आरोग्याचे जे नियम दिले आहेत ते मात्र हसण्यावारी नेता येत नाहीत. ज्याला झेपेल त्याला चालण्यासारखा व्यायाम नाही. ज्याला झेपत नाही त्यानं घोड्यावर बसावं. बैठं वाचन-लेखन करणाऱ्यांनी तर रोज दोन-तीन तास व्यायामासाठी राखून ठेवावेत आणि शक्यतो उभं राहूनच लिहावं-वाचावं. हा नियम मी खुर्चीत बसून वाचला, हे कबूल केलं पाहिजे. उतारवयात वाढदिवसाच्या दिवशी रोजनिशी लिहिताना आपल्या निरोगीपणाचं श्रेय वेस्ली देवाच्या कृपेबरोबर सततच्या हालचालीलाही देतात. १७९१ साली ते वारले तेव्हा त्यांचं वय ८७ होतं.

पण वेस्लींनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. तेव्हा सुमारे बारा-बारा जणांचे गट पाडले गेले. गटाच्या प्रमुखानं दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. पैशाच्या निमित्तानं घरोघर जाणं झालं, माणसाचं कसं काय चाललं आहे हे कळू लागलं, आणि त्यातूनच मेथॉडिस्टांची साप्ताहिक गटसभा जन्माला आली. गैरहजर राहिलं तर विचारणारं कुणीतरी होतं. ही चौकशी मात्र आत्म्याच्या प्रकृतीची. शरीराचे नियम पुस्तकात राहिले, आणि माणसांना बांधून ठेवणारी युक्ती सभेत राहिली.

त्या काळी यानं फारसं बिघडलं नाही, कारण गरिबाला चालावंच लागे. विसाव्या शतकात बस आली, मोटार आली, खुर्ची आली. १९५३ मध्ये डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. एकाच गाडीतली दोन माणसं, पण काळजाची गत निराळी!

वेस्लींच्या त्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या अमेरिकेत. गुलामगिरीत जन्मलेले रिचर्ड ॲलन मेथॉडिस्ट झाले, आणि १८१६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांचं स्वतंत्र आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं. याच चर्चच्या साउथ कॅरोलायनातल्या ७४ मंडळ्यांना विद्यापीठातल्या संशोधकांनी हाताशी धरलं. मंडळीतल्याच लोकांची समिती नेमली, तिला शिक्षण दिलं, पाळकांचा पाठिंबा मिळवला आणि हिंडणंफिरणं नि चांगला आहार हा मंडळीच्या नित्य व्यवहाराचा भाग करण्याचा प्रयत्न केला. १९१३ नव्हे बरं का, २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुरसतीच्या वेळची हालचाल थोडी वाढल्याचं लोकांनी सांगितलं. रक्तदाबात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे चमत्कार घडला नाही. पण ज्यांना एकेकटं गाठून उपदेश करणं कठीण, त्यांच्यात थोडा का होईना बदल झाला, हेही थोडं नव्हे.

आपल्या महाराष्ट्राला हे नवं वाटू नये. पंढरीला एकटा निघालेला माणूस वाटेत थांबेल. दिंडीतल्याला दिंडी थांबू देत नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांजवळही ही सोय आयतीच आहे. आठवड्याचा वार ठरलेला आहे, माणसं ओळखीची आहेत, आणि कोण आलं नाही हे चटकन ध्यानात येतं. रविवारच्या उपासनेनंतर अर्धा तास मिळून चालावं, आणि मधल्या चार दिवशी शेजाऱ्याशेजाऱ्यांनी एकमेकांना हाक मारावी. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटं एवढ्यानं भरतात. चाल ठेवावी ती सर्वांत म्हाताऱ्या माणसाची. ज्यांना हृदयाचा किंवा गुडघ्यांचा विकार आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि जो आला नाही, त्याच्या दाराशी जाऊन फक्त एवढंच विचारावं, “काल दिसला नाहीत?” पलंगाखालचे बूट बाहेर यायला तेवढं पुरतं.