लोखंडी चाक घाट कसं चढलं?

मुंबईहून पुण्याला रेल्वेनं जाताना कर्जतला गाडी थांबली, की आपल्यापैकी बरेच जण वडापाव घ्यायला खाली उतरतात. त्याच वेळी गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं येऊन लागतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. नागपूर, भोपाळ, जबलपूरकडे जाणाऱ्यांनी कसाऱ्याला हेच पाहिलं असेल. पुढे एक इंजिन असताना मागून ढकलायला आणखी इंजिनं कशाला? चढ आहे, ताकद कमी पडते, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण पुरतं नाही. इंजिनात ताकद भरपूर असूनही चाकं जागच्या जागी गरगर फिरू शकतात. खरा प्रश्न चाक आणि रूळ यांच्यातल्या पकडीचा, म्हणजे घर्षणाचा आहे. आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींपासून करू. वाफेचं इंजिन रुळांवर चालवायचे प्रयोग ब्रिटनमध्ये १८०४ पासून सुरू होते. तेव्हाचे रूळ ओतीव लोखंडाचे, ठिसूळ. इंजिन जड केलं तर रूळ मोडत. हलकं केलं तर गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर घसरेल, अशी अनेकांना भीती होती. म्हणून जॉन ब्लेंकिन्सॉप यांनी १८१२ मध्ये लीड्सजवळ रुळाच्या कडेला दाते बसवले आणि त्यांत अडकत फिरणारं दातेरी चाक इंजिनाला लावलं. दुसऱ्या एकानं तर मागे पाय टेकून ढकलणारं इंजिन बनवलं!

त्याच सुमारास वायलमच्या खाणीवर विल्यम हेडली यांनी एक साधा प्रयोग केला. चाकांच्या एका गाड्यावर लोखंडी वजनं ठेवली. गाड्यावर माणसं उभी केली आणि त्यांना दांडे फिरवून चाकं फिरवायला लावली. मागे भरलेल्या वाघिणी जोडल्या. वजन वाढवत नेलं आणि चाक कधी घसरतं ते पाहिलं. निष्कर्ष असा निघाला, की गाड्यावर पुरेसं वजन असेल तर दात्यांची गरज नाही. गुळगुळीत चाकही ओझं ओढतं.

फ्रान्समध्ये अमाँताँ यांनी १६९९ मध्ये आणि कुलाँ यांनी १७८५ मध्ये मांडलेला नियमही हेच सांगत होता. दोन पृष्ठभाग एकमेकांवर किती जोरानं दाबले जातात, यावर घर्षण ठरतं. ते किती जागेत टेकले आहेत, यावर नाही. चाक रुळाला जेमतेम नखाएवढ्या जागेत टेकतं, तरी इंजिनाच्या वजनामुळे पकड मिळते.

आता थोडा हिशेब करू. कोरड्या रुळावर ही पकड साधारणपणे इंजिनाच्या वजनाच्या पाव पट धरू. इंजिन १२० टनांचं असेल, तर चाकं न घसरता ते ३० टनांचा ओढा देऊ शकतं. सपाट रुळांवर सावकाश धावणाऱ्या एक टन वजनाला फक्त २ किलोंच्या आसपास ओढा पुरतो. लोखंड लोखंडावर फारसं दबत नाही, म्हणून. म्हणजे कागदावर हे इंजिन १५ हजार टन ओढेल! रेल्वेची सगळी किमया या कमी अडथळ्यात आहे.

पण घाट लागला, की हिशेब फिरतो. बोरघाटात ३७ मीटर अंतराला १ मीटर चढ आहे. तिथे गुरुत्वाकर्षण प्रत्येक टनाला २७ किलोंच्या जोरानं मागे खेचतं. एकूण झाले २९ किलो. तेच इंजिन आता स्वतःला धरून हजार-एक टनच वर नेईल. पाऊस पडून पकड निम्मी झाली, तर पाचशे. आपली २४ डब्यांची गाडी हजार टनांच्या पुढे जाते. म्हणून बँकर लागतात. आणि ते मागून लागतात, कारण सगळा ओढा पुढूनच दिला तर डब्यांच्या जोडण्यांवर फार ताण येईल.

आता इतिहासाकडे वळू. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्येच झाला होता. बैलाचा खूर जमिनीत रुततो, त्यामुळे रस्त्याला तीव्र चढ चालतो. लोखंडी चाकाला तो चालत नाही. जेम्स बर्कले हे जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता. त्यांना १ : ३७ पेक्षा उभा चढ घेता येईना. चढ सौम्य ठेवायचा तर वाट लांबवावी लागते. साडेपाचशे मीटर उंची गाठायला २५ किलोमीटरांची वाट लागली. ती डोंगराच्या अंगानं न्यायची तर बोगदे आले. २५ बोगदे, शिवाय दरीवरचे पूल. एका जागी तर वळायलाही जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेनं निघावं लागे. हे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ १९२९ पर्यंत वापरात होतं.

घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये पूर्ण झालं. ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते. सुरुंग, दरडी, हिवताप आणि पटकी यांत हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर काही आठवड्यांतच वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवलं. त्यांचं नाव इतिहासात आहे. मजुरांची नावं नाहीत. घर्षणाचा गुणांक हा पुस्तकातला एक आकडा. पण चढ किती ठेवायचा हे त्यानं ठरवलं, चढानं बोगदे ठरवले आणि बोगद्यांनी किती माणसांचा जीव घेतला, हे आपण पाहिलंच.

चढण्यापेक्षा उतरणं अधिक धोक्याचं. चढताना चाक घसरलं तर गाडी अडते. उतरताना घसरलं तर गाडी सुटते. ब्रेक कितीही जोरानं दाबला, तरी शेवटी गाडी थांबवणार ती चाक आणि रूळ यांच्यातली पकडच. म्हणून घाटाच्या जुन्या इंजिनांना थेट रुळावर दाबले जाणारे ब्रेकही लावले होते. शिवाय वाटेत ‘कॅच सायडिंग’ आहेत, म्हणजे डोंगराकडे चढत जाणारे आडवाटेचे रूळ. सांधा नेहमी तिकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली, तरच मुख्य मार्ग मोकळा होतो. सुटलेली गाडी चढावर जाऊन आपोआप थांबते.

याच प्रश्नाची भारतात आणखी दोन उत्तरं सापडली. दार्जिलिंगची छोटी रेल्वे १८८१ मध्ये डोंगरावर पोचली. तिथे काही ठिकाणी चढ वीसात एकच्या आसपास आहे. इंजिनाच्या पुढे बसलेली माणसं धुक्यानं ओल्या झालेल्या रुळांवर हातानं वाळू टाकत. वाळूमुळे चाकाला पकड मिळते. आजच्या विजेच्या इंजिनांतही वाळूच्या पेट्या असतात.

निलगिरीत मात्र वाळू पुरणार नव्हती. तिथला चढ बारात एकच्या जवळपास. ओल्या रुळावर पकड वजनाच्या दहाव्या भागावर आली, तर इंजिन कसंबसं स्वतःलाच वर नेईल. म्हणून १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत पोचलेल्या त्या मार्गावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत. ब्लेंकिन्सॉप यांनी सपाटीसाठी योजलेली युक्ती डोंगरात खरी उपयोगी पडली.

२०२३ पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत बोरघाट बँकरशिवाय चढते. तिच्या मोटारी एका इंजिनात नाहीत, अनेक डब्यांखाली वाटलेल्या आहेत. त्यामुळे प्रवाशांसकट डब्यांचं वजनही पकडीच्या कामी येतं. वायलमला हेडली यांनी गाड्यावर वजनं रचून जे पाहिलं, तोच नियम इथेही आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कर्जतला बँकर लागताना दिसले, तर सोबतच्या मुलांना हा हिशेब जरूर सांगा. आणि खंडाळ्याचे बोगदे आले, की ते खणणाऱ्यांची आठवण काढा.