एका वाडग्याचा इतिहास

राजांच्या लढाया आणि तहांच्या तारखा यांनाच इतिहास म्हणण्याची संवय आपणांस शाळेंत लागते. परंतु माणसें काय जेवलीं, कोणाच्या पंक्तीला बसलीं आणि कोणाच्या श्रमांवर जेवलीं, हें पाहूं लागलें म्हणजे इतिहासाचा पुष्कळसा भाग ताटांतच सांपडतो. अमेरिकेच्या लहानमोठ्या शहरांत आज जीं ‘पोके’ खाद्यगृहें दिसतात, त्यांचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

या खाद्यगृहांची रीत अशी, कीं गिऱ्हाईक एका लांब मेजाच्या कडेनें पुढें सरकत जातें. वाडग्यांत खालीं भात हवा कीं कोशिंबिरीचीं पानें, हें तें प्रथम सांगतें. मग ट्यूना किंवा सॅमन या माशांचे कच्चे तुकडे. मग सोया सॉस, तिळाचें तेल. आणि शेवटीं कांदा, काकडी, समुद्रशेवाळ, आंबा, अननस यांपैकीं मनास येईल तें. वाडगा ज्याचा त्यानें रचावयाचा, असा हा मामला. निवडीचें स्वातंत्र्य त्यांत पुरेपूर आहे. मात्र हा पदार्थ कोणाचा, येथवर कसा आला, याचा मागमूस त्या मेजावर सहसा नसतो.

‘पोके’ हा हवाई बेटांच्या भाषेंतला शब्द. त्याचा अर्थ आडवे तुकडे करणें. पॅसिफिक महासागर होड्यांतून ओलांडून जे पॉलिनेशियन लोक या बेटांत वसले, त्यांनीं आपल्या अळूच्याच जातीचा कंद, डुकरें आणि कुकुईचें झाड बरोबर आणलें. ताजा मासा कापावा, त्यास समुद्राचें मीठ चोळावें, ‘लिमू’ म्हणजे समुद्रशेवाळ मिसळावें आणि भाजलेल्या कुकुईच्या बियांचा कूट घालावा, एवढाच मूळचा प्रकार. त्यांत ना तांदूळ होता, ना सोया सॉस, ना कांदा.

या लोकांचें सोवळेंही कडक होतें. त्यास ‘कापू’ म्हणत. स्त्रीपुरुषांनीं एकत्र जेवूं नये, स्त्रियांनीं डुकराचें मांस, केळीं, नारळ खाऊं नयेत, असे निर्बंध असत, आणि ते मोडणाऱ्यास देहान्ताची शिक्षाही होई. 1819 सालीं दुसरा कामेहामेहा हा तरुण राजा सर्वांसमक्ष स्त्रियांच्या पंक्तीस जाऊन बसला आणि ती व्यवस्था कोसळली. सहभोजनाचें सामर्थ्य काय असतें, हें आपल्याकडील वाचकांस निराळें सांगावयास नको.

1778 सालीं कॅप्टन कुकचीं जहाजें तेथें पोंचलीं होतीं. त्यांच्यामागून व्यापारी, देवमाशांचे शिकारी आणि मिशनरी आले. व्यापाऱ्यांबरोबर वायव्य अमेरिकेंतला खारवलेला सॅमन आला. आणि रोगराईही आली. 1890 च्या शिरगणतींत मिश्र वंशाचे धरूनही हवाईयन लोक सुमारे 40,000 उरले होते. 1848 सालीं जमिनींची वांटणी झाली, 1850 पासून परकीयांना जमिनी विकत घेतां येऊं लागल्या आणि पाहतां पाहतां बेटें उंसाच्या मळ्यांनीं भरलीं.

मळ्यांना मजूर हवे होते. 1852 सालीं चीनमधून कराराचे मजूर आले. 1878 पासून पोर्तुगीज, 1885 पासून मोठ्या संख्येनें जपानी, 1903 सालीं कोरियन आणि 1906 सालीं फिलिपिनो आले. मालकांनीं त्यांच्या वस्त्या निराळ्या ठेविल्या आणि मजुरीही वंश पाहून दिली, कारण एकजूट झाल्यास संप होणार हें ते जाणून होते. तरी दुपारीं उंसाच्या कडेला डबे उघडले जात आणि एकाचें कालवण दुसऱ्याच्या भातावर पडे. 1920 सालीं ओआहू बेटावर फिलिपिनो आणि जपानी मजुरांनीं मिळून संप केला. सोया सॉस, तिळाचें तेल आणि भात माशाच्या शेजारीं येऊन बसले ते याच लोकांबरोबर.

याच काळांत बेटांचें राज्य गेलें. 1893 सालीं गोऱ्या व्यापाऱ्यांच्या व मळेवाल्यांच्या गटानें, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरले असतां, राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केलें; 1896 सालीं शाळांतून इंग्रजी हेंच माध्यम ठरलें; 1898 सालीं अमेरिकेनें बेटें आपल्या मुलखास जोडलीं. या कृत्याबद्दल अमेरिकन काँग्रेसनें क्षमा मागितली ती 1993 सालीं, म्हणजे शंभर वर्षांनीं.

2012 च्या सुमारास या खाद्याचें वेड अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पसरूं लागलें. 2018 सालीं शिकागोच्या एका कंपनीनें ‘अलोहा पोके’ हीं अक्षरें आपल्या व्यापारचिन्हांत मोडतात, असें सांगून तीं वापरणाऱ्या दुकानदारांना वकिलामार्फत पत्रें धाडिलीं. त्यांत मूळचे हवाईयनही होते. अलास्कांतील अशा एका दुकानास आपलें नांव बदलावें लागलें. ज्यांची भाषा एकदां शाळेंतून हद्दपार झाली होती, त्यांच्याच भाषेंतले शब्द त्यांना वापरतां येऊं नयेत, याचा संताप अनावर झाला आणि शिकागोंत निदर्शनें झालीं.

यावर कोणी म्हणेल, अन्न ही कोणाची मिरास नव्हे. तें खरेंच आहे. उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडींतील बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि आपल्याकडे ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद, हे चारही अमेरिका खंडांतून आलेले. तरी आपला उपवास त्यानें मोडत नाहीं. पोकेही शुद्ध कधींच राहिलें नाहीं, आणि त्यांत त्याची हानि झाली नाहीं. मग तक्रार कशाची? चिनी, जपानी, कोरियन मजुरांनीं या पदार्थांत भर घातली ती शेजारीं राहून आणि त्याच उन्हांत राबून; मूळच्या माणसाला पंक्तींतून उठवून नव्हे. शिकागोच्या कंपनीनें पदार्थांत भर घातली नाहीं. तिनें नांवावर कुंपण घातलें. देवघेव आणि बळकावणी यांतला भेद एवढाच आहे, पण तो मोठा आहे.

वाडग्यांत काय घालावें हें ज्याचें त्यानें खुशाल ठरवावें. त्यावर आंबा घातला म्हणून पाप लागत नाहीं. परंतु ज्या लोकांनीं तो मासा प्रथम कापला, त्याला नांव दिलें, आणि राज्य, जमीन व भाषा जाऊनही तें नांव जतन केलें, त्यांची ओळख जेवणाऱ्यास असावी, एवढी अपेक्षा करण्यास हरकत नाहीं.